ताटलीत उरलेला वायसर

रात्रीचे साडेअकरा झालेत. टेबलावर जुनी चादर अंथरलेली, चादरीवर स्टीलची ताटली आणि ताटलीत एकच वायसर उरलाय. जाडी ०.२ मिलिमीटर, म्हणजे वहीची दोन पानं एकावर एक ठेवली तर होईल तेवढी. बाजूला ट्रक उभा आहे. चार चाकं, चार शॉक, पुढचा-मागचा गिअरबॉक्स, सगळं जागच्या जागी दिसतंय आणि माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान उलटून झालंय. हा वायसर कंपनीनं जास्तीचा दिला होता, की तो ट्रकच्या पोटात कुठेतरी बसायला हवा होता?

रिमोटवर चालणारा, मातीच्या ट्रॅकवर शर्यत पळणारा ट्रक ज्यांनी सुट्या भागांतून जोडलाय, त्यांच्यापैकी बहुतेकांनी अशी एखादी रात्र पाहिलेली असते. खऱ्या ट्रकच्या एक दशांश मापाची ही गाडी पन्नास-साठ सेंटिमीटर लांब आणि दोन-अडीच किलो वजनाची असते. ताशी ५० किलोमीटरचा वेग ती सहज गाठते, उंचवट्यावरून उडते, चार चाकांवर आदळते आणि पुढच्या वळणाकडे झेपावते. एवढे हाल सोसणारं यंत्र घरच्या टेबलावर, चार ॲलन पान्ह्यांच्या जोरावर उभं राहतं, हीच या छंदाची खरी ओढ आहे.

दुकानातली रिमोटची गाडी खोक्यातून काढली, सेल घातले की पळायला लागते. किटच्या खोक्यावर धूळ उडवत झेप घेणाऱ्या ट्रकचं चित्र असतं आणि खोक्यात गाडी नसतेच. ए, बी, सी अशी अक्षरं छापलेल्या पिशव्या असतात. त्यांत शेकड्यांनी स्क्रू, बेअरिंगं, रबरी कडी, दांडे आणि प्लास्टिकचे सुटे भाग. शर्यतीच्या किटमध्ये मोटर, बॅटरी, चार्जर, रिमोट, रिसीव्हर, चाकं वळवणारा सर्व्हो, मोटरला वीज मापून देणारा स्पीड कंट्रोलर यातलं सहसा काहीही मिळत नाही. कित्येकदा टायरही वेगळे घ्यावे लागतात. पहिल्यांदा घेणाऱ्याला हे अन्यायाचं वाटतं. पण शर्यतीत उतरणाऱ्याला यातली प्रत्येक वस्तू आपल्या ट्रॅकप्रमाणे आणि खिशाप्रमाणे निवडायची असते.

जोडणीत आठ-दहा तास जातात. घाई न करणारे दोन-तीन रात्री घेतात. ते तास फुकट जात नाहीत. पुढे कधीतरी शर्यतीच्या तिसऱ्या फेरीला गाडी बंद पडते, तेव्हा जोडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तिचं पोट उघडं असतं. कुठला आवाज कुठून येतोय हे त्याला ऐकूनच कळतं. आणि या छंदात मुरलेली माणसं एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: ट्रॅकवर उगवणारा बिघाड बहुतेक वेळा टेबलावरच पेरला गेलेला असतो.

या छंदाचं एक मूळ शोधायचं तर जपानमधल्या शिझुओका शहरात जावं लागतं. तिथली तामिया कंपनी १९४६ साली लाकूड कापायच्या गिरणीपासून सुरू झाली, पुढे लाकडी आणि मग प्लास्टिकची मॉडेलं करू लागली. १९७६ मध्ये तिनं आपली पहिली रिमोट गाडी बाजारात आणली, पोर्शे ९३४. या मॉडेलची मापं अचूक यावीत म्हणून कंपनीनं खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटी केली. ती परत जोडायला मात्र पोर्शेचीच माणसं लागली. ही गाडी गुळगुळीत जमिनीवरची होती. मातीत उतरण्याचा मान १९७९ मध्ये आलेल्या ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या गाड्यांना. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टीम असोसिएटेडनं ‘आरसी१०’ आणली, सोनेरी रंगाच्या ॲल्युमिनियमच्या चासीची. शर्यत जिंकणं एवढ्याच हेतूनं ती घडवलेली होती. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात डेल मार इथे एक दशांश मापाच्या विजेच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि टू-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद जे हॅल्सीनं याच गाडीवर मिळवलं.

ट्रक थोडे मागून आले. तामियाचा मोठ्या चाकांचा ‘ब्लॅकफूट’ १९८६ चा, आणि दोन मोटरी असलेला ‘क्लॉड बस्टर’ १९८७ चा. खऱ्या ट्रकांच्या शर्यतीही तेव्हा अमेरिकेत रंगात आल्या होत्या. मिकी थॉम्पसन या शर्यतपटूनं १९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये माती आणून टाकली, तिचे उंचवटे केले आणि वाळवंटातली शर्यत प्रेक्षकांच्या समोर आणून ठेवली. विस्कॉन्सिनमधल्या क्रँडन गावात तर १९७० पासून मातीतल्या शर्यती होतात. वाळवंटात शेकडो किलोमीटर सरळ जाणाऱ्या शर्यतीच्या मानानं हा छोटा, गोल फिरून येणारा मार्ग, म्हणून त्याला ‘शॉर्ट कोर्स’ म्हणतात. २००८ मध्ये ट्रॅक्सासनं याच घाटाचा ‘स्लॅश’ हा तयार ट्रक आणला आणि काही वर्षांत शॉर्ट कोर्स ट्रकांचा सगळ्या ट्रॅकांवर सुळसुळाट झाला. चारही चाकांवर झाकण घेणारी रुंद बॉडी आणि पुढे-मागे भक्कम बंपर असल्यानं दोन ट्रक एकमेकांना खेटले तरी चाकात चाक अडकत नाही. नवशिक्याला शर्यतीत टिकून राहायला याहून चांगली गाडी नाही.

जोडणीची पहिली कसोटी स्क्रूची. पुस्तिकेत प्रत्येक स्क्रूचं चित्र खऱ्या मापात छापलेलं असतं. हातातला स्क्रू त्या चित्रावर ठेवून पाहायचा, मगच फिरवायचा. आठ मिलिमीटरच्या जागी दहाचा गेला तर तो आरपार जातो आणि आत फिरणाऱ्या गिअरला टेकतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मोटर मात्र पाच मिनिटांत तापते. शर्यतीच्या किटांना दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरचे ॲलन पान्हे लागतात, आणि ते चांगल्या पोलादाचे असावेत. स्वस्त पान्ह्याचं टोक गोल होतं आणि जाताना स्क्रूचं डोकंही गोल करून जातं. तामियाच्या फुलीच्या स्क्रूंची आणखी एक गोम आहे. ते जपानी मापाचे असतात. घरातला नेहमीचा फुलीचा पेचकस त्यात नीट बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की उसळून बाहेर येतो. डोकं खराब झालेले स्क्रू पाहून माणूस कंपनीला बोल लावतो. दोष पेचकसाचा असतो.

धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा एक थेंब द्यायचा. तो आट्यांमध्ये घट्ट होऊन धरून ठेवतो आणि थरथरीनं स्क्रू सुटत नाही. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र तो देऊ नये, काही प्लास्टिकं त्यानं तडकतात. प्लास्टिकमध्ये हातच खरा. स्क्रू टेकल्याची जाणीव झाली की थांबायचं. त्यापुढे अर्धा आटा फिरवला की आटे मरतात आणि तो भाग कायमचा सैल राहतो.

चाकांचे कोन ठरवणाऱ्या दांड्यांना दोन्ही टोकांना आटे असतात, एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे. सायकलच्या डाव्या पायंडलाला उलटे आटे असतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही गंमत लगेच उमगते. दांडा गाडीवरच पान्ह्यानं फिरवला की एका दिशेला लांब होतो, दुसऱ्या दिशेला आखूड. खोलून काही काढावं लागत नाही. उलट्या आट्यांचं टोक ओळखू यावं म्हणून दांड्यावर बारीक खाच असते. सगळ्या खाचा एकाच बाजूला ठेवून दांडे बसवले, तर पुढे ट्रॅकवर उकिडवं बसून चाक सरळ करताना पान्हा कुठल्या दिशेला फिरवायचा याचा विचार करावा लागत नाही. पाच सेकंदांचं हे काम जोडताना केलं नाही, तर शर्यतीच्या दिवशी दर वेळी पाच मिनिटं खातं.

मग येतो डिफरन्शियल, या सगळ्या खटाटोपाचा गाभा. शाळेच्या मैदानावर लेझीमची रांग वळते तेव्हा बाहेरच्या टोकाचा मुलगा पळत असतो आणि आतल्या टोकाचा जागच्या जागी पाय आपटत असतो. वळणावर ट्रकच्या दोन चाकांचंही असंच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर काटायचं असतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर एक घसरतं. डिफरन्शियल दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतो आणि तरीही दोघांना ताकद पोचवतो.

फोर-व्हील ड्राइव्हच्या ट्रकमध्ये असे तीन डिफ असू शकतात, पुढे, मध्ये आणि मागे. प्रत्येक डिफ म्हणजे लिंबाहून लहान डबी. तिच्या दोन बाजूंना दोन मोठे दातेरी शंकू, मधल्या आडव्या कांबींवर छोटे गिअर, आणि सगळं सिलिकॉन तेलात बुडालेलं. तेल जितकं दाट तितकी चाकांना एकमेकांपासून वेगळं फिरायची मोकळीक कमी. दाटपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. पाणी साधारण १ सेंटिस्टोक. डिफमधलं तेल काही हजारांत असतं आणि काकवीसारखं संथ ओघळतं. पुढच्या डिफमध्ये ५,००० आणि मागच्यात ३,००० असं काहीसं भरलं, तर वळणातून बाहेर पडताना पुढची चाकं गाडीला ओढून नेतात आणि मागची बाजू वळायला मोकळी राहते. तेल आडव्या कांबी जेमतेम झाकेपर्यंतच भरायचं, बुडबुडे वर यायला दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, आणि मगच झाकण. त्याचे चार स्क्रू मोटारीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. एकच आधी घट्ट केला की झाकण तिरकं बसतं आणि महिन्याभरात तेल झिरपून चासीवर मातीचा चिकट लगदा जमतो.

डबी तयार झाली की ती गिअरबॉक्समध्ये बसते, आणि इथेच त्या पातळ वायसरांचं राज्य सुरू होतं. डिफच्या मोठ्या चक्राचे दात आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचे दात एकमेकांत किती खोल शिरतील, हे डिफच्या डाव्या-उजव्या बाजूला घातलेले वायसर ठरवतात. एक वायसर या बाजूचा त्या बाजूला नेला की चक्र केसभर जवळ किंवा दूर सरकतं. फार जवळ गेलं तर फिरवताना हाताला जड लागतं, आणि ते जडपण मोटरला वीज जाळून भरून काढावं लागतं. फार दूर गेलं तर हातानं फिरवताना सगळं छान वाटतं, पण उडी मारून खाली आल्यावर जेव्हा चाकं अचानक जमीन पकडतात, तेव्हा दात एकमेकांवरून उसळतात. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही, सुकं लाकूड करकरा चिरल्यासारखा. असे आठ-दहा आवाज झाले की गिअर कचऱ्यात.

मोटरच्या पिनियनचं आणि मोठ्या स्पर गिअरचंही हेच. तिथे एक सोपी युक्ती चालते. साध्या कागदाची पट्टी दोन्हींच्या मध्ये घालायची, मोटर पुढे सरकवून घट्ट करायची आणि पट्टी बाहेर काढायची. कागदावर घडी पडली पण तो फाटला नाही, तर अंतर बरोबर.

शॉक भरणं हे शांत माणसाचं काम आहे. नळी उभी धरायची, तेल ओतायचं, पिस्टन अगदी हळू वर-खाली करायचा. त्याच्या छोट्या भोकांतून बुडबुडे सुटतात आणि वर येतात. ते पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची. हवा आत राहिली की शॉक दाबताना चुळुक असा आवाज येतो आणि गाडी जमिनीवर आदळल्यावर चेंडूसारखी उसळते. इथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक होते. टोकाचा सांधा बसवताना गुळगुळीत दांडा पक्कडीत पकडतात. त्यावर उठलेला ओरखडा डोळ्यांना दिसतही नाही, पण तो दर वेळी रबरी कडीला किसतो आणि आठवड्यात शॉक गळायला लागतो. पक्कड वापरायचीच तर जाड रबराचा तुकडा मध्ये हवा. चारही शॉक झाले की डावा-उजवा शेजारी ठेवून, लांबी व्हर्नियरनं मोजून, दोन्ही एकदम दाबून पाहायचे. दोन्ही एकाच गतीनं वर आले पाहिजेत. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी तेल पातळ होतं आणि हिवाळ्यात नीट चालणारे शॉक लोळागोळा वाटतात. तेव्हा एक नंबर दाट तेल घालावं लागतं.

टायर रिमला चिकटवायला फेविक्विकसारखाच पातळ, झटपट धरणारा गोंद लागतो. पारदर्शक पॉलिकार्बोनेटची बॉडी आतून रंगवायची असते, काचेमागून रंगवलेल्या चित्रांसारखी. सर्वांत वर दिसायला हवा तो बारीक पट्टा आधी, मोठा रंग शेवटी. रंग आत असल्यानं गाडी कितीही घासली तरी तो खरवडत नाही.

विजेच्या भागात मोजकंच, पण ते चुकलं की फार महाग पडतं. मोटरवर केव्ही हा आकडा असतो. एका व्होल्टला मोकळी मोटर मिनिटात किती फेरे घेईल, ते तो सांगतो. ४,००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर २९,६०० फेऱ्यांपर्यंत जाते. सर्व्होच्या दांड्यावरचं शिंग (हॉर्न) बसवण्याआधी रिमोट आणि गाडी चालू करून सर्व्हो मध्यावर आणून ठेवायचा. बंद सर्व्होवर अंदाजानं शिंग बसवलं तर चाकं एका बाजूला पूर्ण वळतात आणि दुसऱ्या बाजूला अर्धीच. शिंगाच्या भोकातले दात कंपनीप्रमाणे २३, २४ किंवा २५ असतात. २४ चं शिंग २५ च्या दांड्यावर जोर लावून बसवलं तर काही दिवस चालतं, आणि मग नेमकं वळणावर सटकतं.

लिथियम पॉलिमर बॅटरीला मात्र मान द्यावाच लागतो. तिच्या प्रत्येक सेलला ४.२ व्होल्टच्या वर चढवायचं नाही आणि ३ च्या खाली उतरवायचं नाही. आठवडाभर ठेवायची तर ३.८ च्या आसपास. ५,००० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी ५ ॲम्पिअरनं, सगळे सेल समान ठेवणाऱ्या चार्जरवर, माणूस समोर बसलेला असतानाच चार्ज करायची. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी वापरायची नाही. अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला बॅटरी आणायला सांगणाऱ्यांनी हेही सांगावं की सुटी लिथियम बॅटरी विमानात सामानाच्या पेटीत चालत नाही, ती हातातल्या बॅगेतच, टोकं झाकून ठेवावी लागते.

सिग्नल तुटला तर ट्रकनं आपणहून ब्रेक लावावा, अशी सोय रिसीव्हरमध्ये असते. ती जोडणीच्याच दिवशी लावून घ्यायची आणि चाकं हवेत धरून, रिमोट बंद करून तपासायची. एरवी रिमोट आधी चालू आणि सर्वांत शेवटी बंद, हा नियम. हा उगाच बाऊ नाही. अडीच किलोचा ट्रक ताशी ५० किलोमीटरनं येतो, तेव्हा त्याच्यात वेगवान गोलंदाजानं ताशी १४० किलोमीटरनं टाकलेल्या चेंडूच्या जवळपास दुप्पट ऊर्जा असते. ट्रॅकच्या कडेला मुलं उभी असतात.

ट्रॅकवर पहिली उडी घेतली की ट्रकचा स्वभाव कळतो. हवेत असताना थ्रॉटल दाबला की नाक वर उठतं, ब्रेक लावला की नाक खाली जातं. यात जादू नाही. चाकं एका दिशेला जोरात फिरायला लागली की हवेत टेकायला काही नसल्यानं बाकीची गाडी उलट दिशेला थोडी फिरते. सरावलेला चालक उडी चुकली तरी बोटाच्या टोकानं ट्रक सपाट करून उतरवतो. शॉर्ट कोर्स ट्रकची अडचण वेगळी. त्या रुंद, खालून पोकळ बॉडीत समोरची हवा भरते आणि ट्रक छत्रीसारखा उचलला जातो, कधी मागच्या मागे उलटतो. म्हणून सुंदर रंगवलेल्या बॉडीच्या मागच्या भागाला चालक स्वतःच्या हातानं भोकं पाडतात. पहिल्यांदा कात्री लावताना जीव तुटतो.

आणि मग बिघाड. मोटर तापतेय, पळ कमी झालाय, मधूनच झटके बसतात. अशा वेळी सगळं एकदम खोलणारा माणूस रात्रभर बसतो. जाणता माणूस आधी गाडीचे दोन भाग करतो. मोटरचे दोन स्क्रू सैल करून पिनियन स्पर गिअरपासून दूर सरकवायचा आणि ट्रक जमिनीवर हातानं ढकलायचा. तो अडखळत चालला तर दोष यंत्रात आहे. विजेच्या तारांना हातही लावायचं कारण नाही. मग एकेक चाक बोटानं फिरवायचं. चार चाकांपैकी एक लवकर थांबतं, आणि त्याच्या बेअरिंगमध्ये मातीचा कण किंवा गंज सापडतो. ट्रक झुळकीसारखा घरंगळत गेला तर यंत्र निर्दोष. मग पाळी मोटरची, तिच्या सेन्सरच्या बारीक तारेची, सोल्डर केलेल्या सांध्यांची. सुरुवातीलाच मोटर थरथरते आणि चाकं फिरत नाहीत, तर बहुतेक वेळा ती बारीक तार अर्धवट निघालेली असते. मोटर किंचाळते आणि गाडी जागची हलत नाही, तर पिनियनचा छोटा स्क्रू दांड्याच्या सपाट भागावर न बसता गोल भागावर बसलाय.

एक बिघाड मात्र भल्याभल्यांना चकवतो. उडी मारून उतरताना, चाकं वळवत असताना ट्रक अर्धा सेकंद मरतो आणि आपोआप पुन्हा चालू होतो. सगळे रिमोटवर संशय घेतात, अँटेना बदलतात. खरं कारण असं की ताकदवान सर्व्हो झटक्यात खूप वीज ओढतो, स्पीड कंट्रोलरमधून रिसीव्हरला मिळणारा दाब क्षणभर खाली येतो आणि रिसीव्हर बंद होऊन परत सुरू होतो. रिसीव्हरच्या रिकाम्या जागेत एक छोटा कपॅसिटर लावला की बऱ्याचदा प्रश्न मिटतो. तपासायला ट्रॅकवर जावंही लागत नाही. ट्रक हातात धरून, चाकं जोरानं डावी-उजवी करत रिसीव्हरच्या दिव्याकडे बघायचं. दिवा लुकलुकला की चोर सापडला.

महाराष्ट्रातही हा छंद जोपासणारे आहेत आणि त्यांची खरी परीक्षा माती घेते. देशावरची काळी माती पहिल्या सरीनंतर बैलगाडीच्या चाकाला धरते तशीच या दहा सेंटिमीटरच्या चाकांनाही धरते. दोन फेऱ्यांत चाकाची रिकामी खोबण भरून जाते आणि ट्रक लटपटायला लागतो. कोकणातली लाल धूळ पिठासारखी बारीक, ती बेअरिंगच्या झाकणातूनही आत जाते. परदेशात शर्यतीसाठी चिकणमाती दाबून, पाणी मारून ट्रॅक करतात, काही ठिकाणी पकड वाढावी म्हणून साखरेचं पाणीही शिंपडतात. उसाच्या मुलखात ही युक्ती कुणी करून पाहिली तर मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा लागेल.

विजेवरच्या गाड्यांची एक फेरी साधारण पाच मिनिटांची असते. ती संपली की चालकाला सुटी मिळत नाही. त्यानं ट्रक बाजूला ठेवून ट्रॅकच्या एखाद्या वळणावर उभं राहायचं आणि पुढच्या फेरीतल्या, काही वेळापूर्वी ज्यांच्याशी टक्कर दिली त्यांच्याच, उलटलेल्या गाड्या उचलून सरळ करायच्या. पंधरा वर्षांचा पोरगा असो की साठीचा निवृत्त अभियंता, या कामातून कुणाची सुटका नाही. तिथे उभं राहून दुसऱ्यांचे ट्रक हातात घेताना, चाकाला हात लावताना, कुणाचा डिफ किती सैल आहे हे न विचारता कळतं.

पण ते ट्रॅकवरचं. इथे टेबलावर अजून तो वायसर पडलाय. मागचं चाक धरून हलवलं तर आतून बारीक टिकटिक येते. पुढच्या चाकाला नाही. मागचा गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे आधी शॉकचा आधार, मग वरचे दांडे, मग झाकण. एकेक स्क्रू निघून ताटलीत जातो. डिफ बाहेर येतो. उजव्या बाजूला बेअरिंगच्या आत दोन वायसर आहेत, डाव्या बाजूला एकच. पुस्तिकेचं पान परत उलटून पाहिलं तर चित्रात दोन्हीकडे दोन-दोन. तेलकट चिमट्यानं वायसर उचलून जागेवर ठेवला, डिफ खाली बसवला, वरून अंगठ्यानं दाबून पिनियनचा दांडा फिरवला. दात एकमेकांतून न अडखळता, कापडावरून हात फिरावा तसे सरकतात. घड्याळात सव्वाबारा वाजलेत आणि ताटलीत आता फक्त स्क्रू आहेत, त्यांतला पहिला, आठ मिलिमीटरचा, पुस्तिकेवरच्या चित्रावर ठेवून मापला जातोय.